नवरा घरी आहे, पण सुटीवर नाही

पत्र:

ताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची. सहा वर्षांपासून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला राहते, नोकरीही इथेच आहे. नवरा एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे आणि दोन वर्षं झाली तरी ‘रिझर्व्ह’वरच आहे. त्याचा बेस, म्हणजे त्याची उड्डाणं जिथून सुरू होतात ते शहर, न्यूयॉर्क. महिन्यातले सतरा-अठरा दिवस तो तिकडे आठ जणांच्या भाड्याच्या खोलीत काढतो. कधी चार-चार दिवस कंपनीचा फोन येत नाही, कधी पहाटे तीनला येतो. त्याच्याबरोबर रिझर्व्हवर असलेला एक सीनियर माणूस घरी बसलेला असतो आणि फोन मात्र ह्याला! विचारलं की ‘सिनिऑरिटी’ एवढंच उत्तर मिळतं. आता कॅप्टन व्हायची संधी आली आहे. पगार खूप वाढेल, पण ‘पुन्हा तळाला जाईन’ म्हणतो. सासूबाई साताऱ्याहून विचारतात, बसवून पगार देतात म्हणजे नोकरी जाणार तर नाही ना? मुलगी २६ डिसेंबरला तीन वर्षांची होईल, तिच्या दोन्ही वाढदिवसांना तो नव्हता. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, ड्युट्या आम्हाला नव्या नाहीत, पण हे गणित मला सुटत नाही. त्याच्यावर अन्याय होतोय का? कॅप्टन हो म्हणू की नको म्हणू?

उत्तर:

तुझ्या नवऱ्याला पहाटे तीनला जो आवाज उठवतो, ते काम मी एकोणीस वर्षं केलं. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत क्रू शेड्युलिंगच्या, म्हणजे वैमानिकांना ड्युट्या लावण्याच्या टेबलावर माझी अर्धी नोकरी रात्रपाळीत गेली. फोनच्या पलीकडे कुणाचं तरी झोपलेलं घर असायचं, कधी मागे तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू यायचं. तुझं पत्र वाचलं आणि त्या पलीकडच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोललं असं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंची काळजी आधी मिटवू. नोकरी जाणार नाही. महिन्याची उड्डाणं आधीच वाटून दिलेली असतात. ज्याला असा ठरलेला महिना मिळतो तो ‘लाइन होल्डर’. पण कुणी आजारी पडतं, कुठे धुकं येतं, विमान सहा तास उशिरा पोचतं आणि त्यातल्या वैमानिकाचे कामाचे तास संपतात. अशा वेळी उभं राहायला माणूस लागतो, तो रिझर्व्ह. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते सासूबाईंनी टीव्हीवर पाहिलं असेल. विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा नोव्हेंबरपासून लागू झाला आणि हाताशी पुरेसे वैमानिक उरले नाहीत. तेव्हा त्यांना एवढंच सांग, की तुमचा मुलगा फोनची वाट बघत बसलेला असतो म्हणून विमानतळावर लोक अडकत नाहीत, आणि कंपनी पैसे देते ते त्याच्या तयार असण्याचे. फोन न येताही ठरावीक तासांचा पगार मिळतो, त्याला ‘गॅरंटी’ म्हणतात. करारागणिक आकडा बदलतो, साधारण महिन्याला सत्तरीच्या आसपास तास धरतात. त्याहून जास्त उडाला तर वरचे पैसे वेगळे.

आता सिनिऑरिटी.

नाशिकला नळावर पहाटे घागर ठेवून नंबर लावलेला तू पाहिला असशील. घागर कुणाची, पितळेची की प्लॅस्टिकची, मालकीण गरीब की श्रीमंत, याला महत्त्व नाही. कुठली आधी ठेवली एवढंच बघतात. अमेरिकी विमान कंपन्यांत वैमानिकाचा नंबर अगदी असाच असतो. ज्या दिवशी नोकरीला लागला त्या दिवशी घागर ठेवली. वरचा कुणी निवृत्त झाला की ती एक घर पुढे सरकते. कोण जास्त हुशार, कोणाचं लँडिंग जास्त मऊ, हे तिथे विचारत नाहीत. आणि कंपनी बदलली की नव्या नळावर पुन्हा शेवटी उभं राहायचं. मागची वीस वर्षं बरोबर नेता येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे लोक नोकऱ्या बदलतात तसं या धंद्यात कुणी सहज बदलत नाही.

हा एक नंबर सगळं ठरवतो: कुठलं शहर बेस म्हणून मिळेल, कुठलं विमान, फर्स्ट ऑफिसरची उजवी खुर्ची की कॅप्टनची डावी, लाइन की रिझर्व्ह, दिवाळीत सुटी की फेब्रुवारीत. बाहेरून बघणाऱ्याला हे निष्ठुर वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं. मग मी या पद्धतीचं मूळ वाचलं. १९१९च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने दोन वैमानिकांना कामावरून काढलं, कारण दाट धुक्यात उडायला त्यांनी नकार दिला होता. बाकीचे वैमानिक त्यांच्यासाठी संपावर गेले. तेव्हाचं टपाल विमानांचं ठाणं न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कला होतं, तुझा नवरा आज राहतो त्याच भागात. ‘नाही’ म्हणणाऱ्याला साहेब वाईट ड्युटी लावेल, हुजऱ्याला चांगली देईल, ही भीती खरी होती. पुढे १९३१मध्ये वैमानिकांची संघटना उभी राहिली, आणि नोकरीला लागल्याची तारीख हा सगळ्या वाटपाचा पाया झाला. तारखेला लाच देता येत नाही. तुझ्या वडिलांना विचार, डेपोत ड्युटी लावणाऱ्याच्या मर्जीवर किती घरांची झोप अवलंबून असते. ते ही गोष्ट माझ्याहून चांगली सांगतील.

पण तुझा प्रश्न याच्या पुढचा आहे. दोघेही रिझर्व्हवर, मग फोन ह्यालाच का?

मी तुला माझ्या टेबलावर बसवते. शनिवार, संध्याकाळचे पाच. न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर वादळ आहे, शिकागोहून येणारा फर्स्ट ऑफिसर तिकडेच अडकलाय. त्याची रात्री आठला निघणारी तीन दिवसांची फेरी रिकामी पडली आहे. माझ्या पडद्यावर चार नावं आहेत.

पहिला सगळ्यात सीनियर. त्याचा रिझर्व्हचा आजचा शेवटचा दिवस, उद्यापासून सुटी. तीन दिवसांची फेरी त्याला देता येत नाही. फेरीचे दिवस आणि माणसाचे उरलेले दिवस जुळावे लागतात, म्हणजे तीन दिवस मोकळा असलेला माणूस एका दिवसाच्या कामात वाया जात नाही. दुसऱ्याची हाकेला तयार असण्याची वेळ पहाटे चारला सुरू झाली आहे. कायद्याने त्याची ही वेळ आणि उड्डाणाची ड्युटी मिळून सुरुवातीपासून जास्तीत जास्त सोळा तास, काही वेळा त्याहूनही कमी. म्हणजे रात्री आठला तो मोकळाच व्हायला हवा. तोही गेला. उरले दोघं. तिसऱ्याचे या महिन्यात बासष्ट तास झालेत, चौथ्याचे एक्केचाळीस. ज्या कंपनीत ‘ज्याचे तास कमी त्याला आधी’ असा करार आहे, तिथे मी चौथ्याला फोन करणार. तास सारखे निघाले असते तर मग पाहिलं असतं की सीनियरने ‘मला काम हवं’ किंवा ‘मला शेवटी ठेवा’ असं काही नोंदवलंय का. त्याची इच्छा आधी, दुसऱ्याची नंतर.

चौथा म्हणजे तुझा नवरा. त्याच्याकडे फोन जायला दिवस, कायदा आणि तास ही कारणं आधी लागली. सिनिऑरिटीची पाळी येण्याच्या आतच निर्णय झाला होता. घरी मात्र तो एकच शब्द पोचतो, कारण रात्री तीनला बाकीचं समजावून सांगण्याइतकं त्राण कोणात असतं?

प्रत्येक कंपनीत क्रम असाच असतो असं नाही. काही ठिकाणी सीनियरची इच्छा तासांच्याही आधी बघतात, काही ठिकाणी जो आधी मोकळा झाला तो आधी जातो. आणि कुणीच तयार नसेल, कुणाला तरी भाग पाडायचं असेल, तेव्हा यादी उलटी वाचतात, सगळ्यात ज्युनियर पहिला. तुझ्या नवऱ्याच्या करारात कोणता क्रम आहे हे त्याला एकदा शांतपणे, चहा घेताना विचार. ‘तुझ्याशी असं का वागतात’ असं नको विचारूस, त्याने तो आणखी मिटेल. ‘क्रम कसा लागतो ते मला दाखव’ म्हण.

कमी तासवाल्याला आधी बोलावण्याची पद्धत मला मनापासून पटते. ती नसती तर तळाचे चार जण उडून उडून पिळून निघाले असते आणि वरचे चार महिनाभर घरी राहिले असते. पण तिच्यातही एक टोचणारी गोष्ट आहे. मुलीच्या तापासाठी तीन दिवस रजा घेतली, की काही ठिकाणी तास कमी राहतात आणि महिन्याच्या शेवटी फोनवर फोन येतात. मला त्या हाका मारताना वाईट वाटायचं, पण पडदा रजेचं कारण सांगत नाही.

आणि तो सीनियर माणूस. मला जवळजवळ खात्री आहे की तो रिझर्व्हवर स्वतःहून आहे. नंबर वर असलेले कितीतरी वैमानिक लाइन मिळत असूनही रिझर्व्ह मागतात. विमानतळापासून वीस मिनिटांवर स्वतःचं घर असतं, फोन क्वचित येतो, गॅरंटी मिळते, मुलांचे सामने बघता येतात. त्याला ते घरी राहण्याचं साधन आहे. तुझ्या नवऱ्याला त्याच यादीत नाइलाजाने बसावं लागतं, तेही घरापासून चारशे मैलांवर. दोघांच्या नावापुढे एकच शब्द असला तरी त्यांची आयुष्यं एक नाहीत. हे तुला खुपलं ते बरोबरच खुपलं. अन्याय मात्र मी त्याला म्हणणार नाही. त्या माणसानेही कधीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशाच एखाद्या खोलीत दिवस काढले असणार.

खरं दुखणं कुठे आहे, सांगते. ते प्रवासात आहे.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्सला, जिथे अशा खोल्या दाटीवाटीने आहेत, लोक ‘क्रू गार्डन्स’ म्हणतात. तिथला एक बंक म्हणजे आपलं घर नव्हे. रॅलेहून न्यूयॉर्कला जायला तुझा नवरा ज्या विमानात मोकळी जागा शोधतो, ते तास ड्युटीत मोजत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तो तेव्हा विश्रांतीच घेत असतो! १२ फेब्रुवारी २००९ला नुअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. मुख्य कारण कॉकपिटमधली चूक होती. पण चौकशीत हेही पुढे आलं की फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून सिअॅटलकडून बेसवर आली होती आणि कॅप्टनने विमानतळावरच्या क्रूच्या खोलीत रात्र काढली होती. मृतांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या चकरा मारल्या. आजचे विश्रांतीचे नियम, जानेवारी २०१४पासून लागू असलेले, त्या चकरांमधून आले आहेत.

त्यातले काही तुला माहीत असावेत, कारण ते तुझ्या घराचे पहारेकरी आहेत. रिझर्व्हची वेळ सुरू होण्याआधी सलग दहा तासांची विश्रांती. हाकेला तयार राहण्याची वेळ एका वेळी चौदा तासांहून जास्त नाही. दर सात दिवसांत सलग तीस तास पूर्ण मोकळे. अठ्ठावीस दिवसांत शंभर तासांहून जास्त उड्डाण नाही, वर्षाला हजार. या आकड्यांना सिनिऑरिटी माहीत नाही. यादीतला पहिला आणि शेवटचा दोघांनाही ते सारखे लागतात. आणि प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाला लेखी सांगावं लागतं की मी ड्युटीसाठी तंदुरुस्त आहे. म्हणजे तो नसेल तर ‘मी थकलोय’ म्हणणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

इथे मला एक कबूल करायचंय. एका पहाटे एका तरुण मुलाने मला फोनवर सांगितलं, मॅडम, मी थकलोय, आज नाही उडू शकत. मी नियमाप्रमाणे नोंद केली, पण माझ्या आवाजात नाराजी उतरली. रात्रभर अकरा फेऱ्या भरल्या होत्या, ही बारावी होती. काही महिन्यांनी तोच मुलगा भेटला तेव्हा म्हणाला, त्यानंतर मी कधी तसं सांगितलंच नाही. ते वाक्य अजून माझ्याबरोबर आहे. तुझ्या नवऱ्याला विचार, त्याने दोन वर्षांत कधी ‘थकलोय’ म्हटलंय का. एकदाही म्हटलं नसेल तर मला काळजी वाटेल. समोरच्या टेबलावरची बाई कुठल्याही सुरात बोलो, त्याने म्हणायचंच.

आता कॅप्टनचं. माझं मत स्पष्ट आहे: या वर्षी नको.

सगळ्या कंपनीतला त्याचा नंबर किती हे विसर. न्यूयॉर्कमध्ये, त्याच विमानावर, कॅप्टनच्या यादीत तो शंभरातला कितवा असेल, ते विचार. आज तो फर्स्ट ऑफिसरच्या यादीत तळाच्या पंचवीस जणांत असेल, तर वर्षभरात लाइनच्या जवळ जाईल. कॅप्टन झाला तर सत्त्याण्णवावा होईल, आणि तिथून पुन्हा फोनच्या उशाला झोपणं सुरू. वर बऱ्याच करारांत नव्या खुर्चीवर गेलं की ठरावीक काळ हलता येत नाही. तीन वर्षांची मुलगी आणि चारशे मैलांचा प्रवास असताना हा पगार फार महाग पडतो.

आणि थांबल्याने तो काही गमावत नाही, हे त्याला तू सांग, कारण आजूबाजूचे सगळे ‘संधी गेली’ म्हणत असतील. त्याची घागर रांगेतच आहे. त्याच्यामागचे आज कॅप्टन झाले तरी त्याच्यामागचेच राहतात. दोन वर्षांनी तो गेला की त्यांच्या डोक्यावरून थेट वर बसेल, शंभरातला साठावा म्हणून.

यात धोका आहे, तो लपवत नाही. डिसेंबर २००७मध्ये निवृत्तीचं वय साठावरून पासष्ट केलं, आणि पुढची पाच वर्षं वरचं जवळजवळ कुणी वयामुळे हललं नाही. लगेच मंदी आली. तेव्हाचे फर्स्ट ऑफिसर वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत राहिले. उद्या पुन्हा तसं झालं तर आज नाकारलेली डावी खुर्ची बराच काळ दिसणार नाही. पैशाची खरोखर निकड असेल, कर्ज अंगावर असेल, तर माझं उत्तर बदलेल. तुझ्या पत्रात ती निकड मला दिसली नाही. दिसलं ते माणसाचं नसणं.

त्याऐवजी दोन गोष्टी करा. त्याच्या कंपनीत ‘लाँग कॉल’ रिझर्व्ह असेलच. त्यात फोन आल्यापासून ड्युटीवर हजर होईपर्यंत किमान दहा तासांची विश्रांती द्यावी लागते, करारात बहुधा त्याहून जास्त वेळ असतो. म्हणजे तो वाट बघेल ती रॅलेच्या घरातून, क्यू गार्डन्सच्या बंकवरून नव्हे. लाँग कॉल सीनियरांना आधी मिळतो, तरी दर महिन्याच्या बिडमध्ये, म्हणजे पसंतीच्या यादीत, तो सगळ्यात वर टाकायला सांग, सुटीचे दिवस वाईट मिळाले तरी चालतील. फेब्रुवारी किंवा सप्टेंबरसारख्या मंद महिन्यांत तळाच्यांनाही तो लागतो, हे मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट जड आहे. शार्लटसारखं तुमच्या जवळचं शहर त्याच्या कंपनीचा बेस असेल तर तिथे बदली मागायची, आणि तिथे तो आणखी तळाला जाणार असेल तरी हिशेब नीट करायचा. गाडीने तीन तासांच्या आत घर असलेला तळाचा माणूस, विमानाने घरी जाणाऱ्या मधल्या माणसापेक्षा मुलीला जास्त भेटतो. तसा बेस नसेल तर न्यू जर्सीत राहायला जायचं का, हे तुम्हा दोघांचं बोलणं व्हायला हवं. तुझी नोकरी रॅलेला आहे आणि ती कमी मोलाची नाही. तू ती सोडावीस असं मी म्हणणार नाही, पण हा विषय टाळून त्याने कॅप्टन व्हावं की नाही याची चर्चा करण्यात अर्थ नाही. नोकरी घरून करता येईल का, हे तरी एकदा विचार.

राहिलं रोजचं घर. तो घरी लाँग कॉलवर असेल तेव्हा त्या दिवसाला सुटी म्हणू नका. फोन खिशात असलेला माणूस सिनेमाला बसतो, पण चित्त दाराकडे असतं. बँकेचं काम, लांबचं लग्न, डॉक्टरची वेळ त्याच्या खऱ्या सुटीच्या दिवसांत टाका. ते दिवस महिन्याच्या आधी कळतात. फ्रिजवर दोन रंगांनी लिहून ठेव, मुलीलाही रंग कळतील. आणि फोन न आल्याच्या चौथ्या दिवशी तो चिडला तर ‘काम न करता पगार मिळतोय’ असं घरातल्या कुणीच म्हणू नये. चार रात्री अर्ध्या कानाने झोपलेला असतो तो.

२६ डिसेंबर त्याला याही वर्षी मिळणार नाही, हे आत्ताच धरून चाल. नाताळचा आठवडा यादीच्या वरच्या टोकाला जातो. डिसेंबरच्या सुट्यांचं वेळापत्रक नोव्हेंबरमध्येच हातात येईल. त्यातला त्याचा पहिला मोकळा शनिवार किंवा रविवार पकड, सासूबाईंना साताऱ्याहून व्हिडिओवर बसव, आणि औक्षण त्या दिवशी कर. तीन वर्षांच्या मुलीला तारीख वाचता येत नाही.

तुझी ताई